ग्राइंडरची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, धंदा कॉफी दळणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. उजव्या कानाने ऐकू येत नाही, पण कान गेला म्हणजे डोकं गेलं असं नव्हे. माझ्या धाकट्या भावाने कोर्टात हा मुद्दा काढलाच, तर त्याला हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावं. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव होता त्या काळात माझ्याकडे कुणाला देण्यासारखं काहीच नव्हतं.

कलम १. माझी मालमत्ता अशी: राहतं घर, दोन खोल्या, दुसरा मजला. बँकेतली शिल्लक, असेल ती. हत्यारांची पेटी. आणि कॉफी दळायचा दुकानी ग्राइंडर, नग एक, ओट्याला बोल्टने पक्का केलेला.

कलम २. या ग्राइंडरवर भाऊ हक्क सांगतो, म्हणून त्याची हकीकत लिहून ठेवणं भाग आहे.

तो बाबांच्या कॉफीच्या दुकानातला. एकोणिसाव्या वर्षी मी त्याच्याशेजारी उभी राहिले ती अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत. उजवा कान त्याच्या बाजूला असायचा, तो त्यालाच वाहिला. स्थळं यायची तेव्हा बाबा म्हणायचे, "ही गेली तर मशीन कोण बघणार?" बघायला आलेल्यांना वाटायचं, थट्टा करतायत. बाबांनी जन्मात थट्टा केली नाही. दुकान त्यांनी भावाच्या नावे केलं. मी विचारलं तर म्हणाले, "तुला नावावर कशाला हवं? तू तर दुकानातच असतेस."

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी मी नेहमीप्रमाणे शटर उघडायला गेले, तर कुलूप नवीन. आत भाऊ आणि नवा मालक टेपने भिंती मोजत होते. दारात माझी भावजय उभी होती. भाऊ बाहेर येऊन म्हणाला, "ताई, व्यवहार झाला. आता आराम कर. आयुष्यभर राबलीस."

"मशीन कुठाय?"

"ते होय? भंगारात दिलं. ठेवण्यासारखं काय होतं त्यात?"

मी भावजयीकडे पाहिलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. व्यवहार तिला आठवडाभर आधी ठाऊक होता. आमची दोघींची रोज गाठ पडत होती.

कलम ३. तीन गल्ल्या पलीकडे, भंगारवाल्याकडे, वॉशिंग मशीनच्या ड्रमांखाली ग्राइंडर सापडला. वरचं भांडं फुटलेलं, बटण उपटलेलं. भंगारवाला म्हणाला, "बाई, घरात चालवाल तर अख्ख्या बिल्डिंगची लाईट घालवाल." त्याचंही खरंच होतं. दुकानात तीन फेजची वीज, घरात एकच. उंचीही इतकी, की ओट्यावर ठेवला तर वरच्या फळीला डोकं लागणार.

मग लेथवाल्यांकडे गेले. दुकानाच्या मागच्या गल्लीत त्यांचा लोखंड कातायचा लेथ होता, ग्राइंडरचे स्क्रू वर्षानुवर्षं तेच करून द्यायचे. घरच्या विजेवर मोटार चालवणारी ड्राइव्हची पेटी त्यांनी बसवून दिली. बाकीचं काम माझं, सात महिन्यांचं. आत जुन्या पुडीचा तेलकट थर चढून दगड झाला होता, तो लाकडी उलथन्याने खरवडला. लोखंडी चालवलं असतं तर ओरखडे उठले असते. दळणाऱ्या दातेरी चकत्या नव्या मागवल्या. त्या एकमेकींना समोरासमोर नीट बसेनात. लेथवाल्यांनी युक्ती सांगितली: कडेला मार्करची शाई लावायची, चकत्या टेकवून हाताने फिरवायच्या, शाई एकाच बाजूला पुसली गेली तर समजायचं की बैठक तिरकी आहे. दुसऱ्या बाजूखाली ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा सारायचा आणि पुन्हा तेच. शाई चहूबाजूंनी सारखी पुसली जायला एकोणतीस वेळा उघडझाप करावी लागली.

दुकानात दिवसभर दळण चालायचं, तेव्हा मूठभर पूड आत राहिली तरी बिघडत नसे. घरी दोन कपांपुरतं दळायचं, म्हणजे कालचीच पूड आज पेल्यात. म्हणून पूड साठवायचा डबा काढून टाकला, तिथे पत्र्याची उतरती पन्हळ लावली, आणि वर सायकलच्या भोंग्याचा रबरी फुगा बसवला. दळून झालं की फुगा दोनदा दाबायचा, आतला कण न् कण खाली येतो. उंचीचा प्रश्न करवतीने सोडवला. चारही पाय कापले.

कलम ४. ते कापलेले चार पाय, तीन फेजचा मूळ प्लग आणि जुन्या झिजलेल्या चकत्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आहेत. तो डबा मी माझ्या भावाला देते. कारण पुढीलप्रमाणे. मागच्या वर्षी त्याच्या मुलाने नवं कॉफीचं दुकान काढलं. भिंतीवर बाबांचा मोठा फोटो, खाली ‘तीन पिढ्यांची चव’. त्यानंतर भाऊ अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात आला.

"ताई, ते मशीन दे. काचेत ठेवायचंय. बाबांची आठवण आहे."

"चालवणार कोण?"

"चालवायचं कशाला? लोक बघतील."

"बाबांची आठवण तू वजनावर विकलीस."

"तुझं हे असंच. जुनं उकरून काढायचं. म्हणून तर एकटी राहिलीस."

मी एकटी का राहिले ते या माणसाला ठाऊक नाही, यावर माझा विश्वास नाही. बाबांच्या हाताचं जे जे होतं, ते सगळं त्या डब्यात आहे. खुशाल काचेत ठेवावं. माझा फोटो मात्र त्या भिंतीवर लावू नये.

कलम ५. हत्यारांची पेटी लेथवाल्यांना द्यायची होती. वकीलबाई म्हणाल्या, जो साक्षीदार होईल त्याला मृत्युपत्रातून काही देऊ नका. मी लेथवाल्यांना विचारलं, "सही करता की पेटी घेता?" ते म्हणाले, "सही करतो. पेटी मरायच्या आधीच द्या की, तुमचा पाना मला उद्याच लागणार आहे." पेटी दिली आहे. यादीतून वजा समजावी.

कलम ६. ग्राइंडर, राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मी माझ्या भावजयीला देते. नवऱ्याचा किंवा मुलाचा त्यावर काडीचा हक्क राहणार नाही.

याने लोकांना नवल वाटेल. मलाही वाटतं. ग्राइंडर सुरू झाला त्या महिन्यात ती दुपारी चार वाजता दारात आली. म्हणाली, "वन्सं, खालून आवाज ऐकला." मी आत ये म्हटलं नाही, ती आली. तेव्हापासून शिंप्याकडे जाते सांगून येते. दहा वर्षांत त्या शिंप्याने तिचे किती ब्लाउज शिवले, हे भावाने एकदाही विचारलं नाही. त्या सकाळबद्दल ती बोलत नाही. मी तिला माफ केलं आहे, असं या कलमावरून कुणी समजू नये.

आधी मी फक्त ग्राइंडर तिला देणार होते. गेल्या गुरुवारी तसं सांगितलं, तर तिने पेला खाली ठेवला.

"नको, वन्सं. आज माझ्याकडे आला की उद्या काचेत जाईल. त्या घरात माझं असं काही राहत नाही."

"मग?"

"मग काय. तुमच्यामागे मी चारला कुठे जाणार, एवढंच मनात आलं."

ग्राइंडर ओट्यावरून काढला तर तिचा राहत नाही, आणि ओटा घराशिवाय देता येत नाही. रात्रभर विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी तिथेच म्हटलं, "घरही घे. माझ्या पश्चात तुझं."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. गप्प राहणं तिला जमतं, ते मी पाहिलेलं आहे. मग म्हणाली, "किल्ली आत्ताच मिळेल का?"

वय वर्षे चौसष्ट. चाळीस वर्षांचा संसार. मी मरेपर्यंत थांब, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. दुसरी किल्ली काढून तिच्या हातात दिली. शनिवारी ती एक पिशवी घेऊन आली. आतल्या खोलीतलं कपाट मी अर्धं रिकामं करून दिलं आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत मी सही केली.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १: लेथवाले. मला अर्ज न वाचता सही करायची सवय आहे, पण हा वाचला.

साक्षीदार २: पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. दातांच्या डॉक्टर आहेत, तरी बाई शुद्धीवर आहेत एवढं सांगू शकतात.

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४, सोमवार, सकाळी अकरा