उद्याची यादी

प्रिय होल्गर,

सकाळी तुझं ऐकून घेतलं आणि काही न बोलता फोन ठेवला, म्हणून चिडला असशील. समोर पत्रकार बसले होते. आता घरी, स्वयंपाकघरात बसलोय. चार वाजता शेवटचा सराव, आणि त्यानंतर उद्याच्या संघाची यादी ड्रेसिंग रूमच्या दारावर लावायची. उद्या हरलो तर क्लब तिसऱ्या विभागात आणि मी घरी. अध्यक्षांनी हे कालच हसत हसत सांगितलं.

तुझ्या टिल्मानचा घोटा टम्म सुजलाय. यंदा त्याच्याइतके गोल कुणी केले नाहीत, हे मला पेपरवाल्यांनी शिकवायला नको. पोरगं तुझ्यासारखंच हट्टी. काल लंगडत आला आणि म्हणाला, "ट्रेनर, एक इंजेक्शन द्या, नव्वद मिनिटं पळतो. बाबा नाही का असेच खेळले?" आणि सकाळी तूही तेच. "खेळव त्याला, फोल्कर. एका सामन्याचा तर प्रश्न आहे. आपण काय मेलो का?"

मेलो नाही. पण तुझा खेळ अठ्ठाविसाव्या वर्षी संपला, आणि आजही जिना उतरताना तू आधी कठडा धरतोस. मी आणखी सहा वर्षं कप्तान राहिलो, मग ट्रेनर झालो, पाच क्लब फिरलो, तिघांनी हाकललं. दर उन्हाळ्यात तुझ्या अंगणात सॉसेज भाजायला येतो, आणि गुडघ्याचा विषय निघाला की बिअर आणायला आत सटकतो. तुला हे कधी खटकलं नाही, याचं मला नवल वाटतं.

तुझा गुडघा गेला त्या सामन्याबद्दल तू आजवर आपल्या म्हाताऱ्या ट्रेनरला शिव्या घातल्यास. त्यांचा दोष नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सुजेचं इंजेक्शन देतो, पण तो आज खेळला तर त्याचा गुडघा कायमचा जाईल. तू कप्तान आहेस, तूच त्याला समजाव." मी मालिशच्या टेबलापाशी आलो आणि तुला म्हणालो, "काही नाही रे, नुसती सूज आहे." मला तो सामना जिंकायचा होता. आपण जिंकलोही.

यादीत टिल्मानचं नाव नाही. तो भडकेल, आधी तुला फोन करेल. तोंडावर बोलायची हिंमत मला तेव्हाही नव्हती, म्हणून मैदानावर जाताना हे तुझ्या पत्रपेटीत टाकतोय. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पुन्हा अंगणात पाय ठेवू देऊ नकोस. फक्त त्याचा फोन उचलशील तेव्हा त्याला तुझ्या गुडघ्याचं खरं काय ते सांग. माझ्या नावासकट सांग.

अजून म्हणवत असेल तर, तुझाच
फोल्कर