डॉक्टरांनी विचारलं तेव्हा

सावेडी, नगर
१९ जून १९९४

चि. सौ. भागिरथीस जयमालाचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

सीमाला घेऊन तुम्ही सुखरूप तिसगावला पोचल्याचं प्रवीणच्या कार्डावरून कळलं. माझ्या भावानं आपणहून कार्ड टाकलं, म्हणजे ऑपरेशनचा गुण लेकीआधी बापालाच आला म्हणायचा!

दवाखान्यात तू नुसती पदर धरून उभी होतीस, सगळी उत्तरं मीच दिली. म्हणून डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा लिहिते. दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या अंगाला त्यांनी पिना लावल्यात. त्या बाजूची हाडाची वाढ थांबते, बाहेरची चालू राहते आणि पाय हळूहळू आपसूक सरळ होतो. पोरगी तेरा वर्षांची, अजून दोनेक वर्षं वाढेल, तेवढी पुरे आहेत म्हणाले. हाड कापायला नको. मला तर रडूच आलं.

महिन्यातून एकदा तिला गुडघे जुळवून उभी कर आणि दोन घोट्यांमधलं अंतर मोज. इथून निघताना आठ बोटं होतं. तीन महिन्यांनी दाखवायला आणा. सासरे आहेत म्हणून आबांपुढे गप्प बसू नकोस, पोरीला दूध दे म्हणून सांग. आबांना माझा जयभीम. सर्वांचा लोभ आहेच, तो वाढवत न्या.

तुझी
जयमाला

तिसगाव
६ नोव्हेंबर १९९४

आदरणीय जयमालाआक्कांना भागिरथीचा सविनय जयभीम. वि. वि.

बाजरी खुडून झाली. खुडणीमुळे सीमाला दाखवायला आणता आलं नाही, रागावू नये. ती आठवीच्या वर्गात जाते. हायस्कूल लांब पडतं, गुडघ्याला गुडघा घासतो, दोनदा बसून मग पोचते. पण रोज जाते. गणितात वर्गात पहिली आली.

आक्का, अंतर अजून आठ बोटंच आहे. आबा म्हणतात, लई फरक हाय, सातच बोटं भरत्यात. पण त्यांची बोटं जाड आणि वर दाबून मोजतात. सीमा हसते आणि त्यांना सात म्हणू देते. रोज सकाळी आरशाचा तुकडा खाली ठेवून स्वतःचे पाय बघते. मला ते बघवत नाही. किती दिवस लागतील ते डॉक्टरांना विचारून कळवावं. तुम्हीच आमचा आधार आहात, माया पातळ होऊ देऊ नये.

आपली
भागिरथी

सावेडी, नगर
१२ मार्च १९९५

चि. सौ. भागिरथीस जयभीम. वि. वि.

प्रवीण सीमाला घेऊन आला होता, त्याच्याबरोबर हे पत्र दिलं नाही. पोस्टानं धाडते. एकटीनंच वाच.

नवे फोटो काढले. पाय तसूभर हलला नाही. डॉक्टर बुचकळ्यात पडले. त्यांनी प्रवीणला आणि मला बाहेर बसवलं आणि सीमाला बाईडॉक्टरांकडे पाठवलं. पोरीनं खरं ते सांगितलं. तिची पाळी अकराव्या वर्षीच सुरू झाली होती. म्हणजे पिना लावल्या तेव्हाच तिची वाढ संपत आली होती. आता ती संपलीच. आधी कळलं असतं तर पिनांऐवजी तेव्हाच हाड कापून पाय सरळ केला असता, म्हणाले. उरलेला उपाय म्हणजे पुण्याला जाऊन दोन्ही मांड्यांची हाडं कापून घेणं. पुढे कितीतरी महिने प्लास्टर. प्रवीणला मी पिनांचा गुण आला नाही, पुण्याला जावं लागेल, एवढंच सांगितलं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी हेच विचारलं, तेव्हा मी ठणकावून नाही म्हटलं. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं, भागिरथी. तू हातभर अंतरावर उभी होतीस. एक शब्द का बोलली नाहीस? मला तुझा संताप येतो, आणि रात्रंदिवस स्वतःचाही. काय ते लिही.

जयमाला

तिसगाव
२ एप्रिल १९९५

आदरणीय आक्कांना भागिरथीचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं. थोरल्या जाऊबाईंची लंका शहाणी झाली त्याच महिन्यात आबांनी तिची शाळा सोडवली, वर्षात लग्न लावलं. सीमानं मला सांगितलं तेव्हा ती पाचवीत होती. मी तिला शपथ घातली की कुणाला बोलायचं नाही. फडकी वैरणीखाली वाळवली, पण तिची शाळा चालू ठेवली.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आबा दाराशी, हे माझ्या शेजारी. तुम्ही नाही म्हणालात. चारचौघांत तुम्हाला खोटं कसं पाडू? आणि आक्का, तो प्रश्न पायासाठी आहे हेच मला कळलं नाही. कागदावर लिहायला विचारतात असं वाटलं.

पुण्याचं आबांनी मोडून काढलं. म्हणाले, एकदा चिरली तेवढी बास झाली, आता पोरीला हात लावू द्यायचा न्हाई. हे काही बोलत नाहीत. त्यांना अजून पिनाच वाईट निघाल्या असं वाटतं. खरं सांगायचं बळ मला नाही.

सीमा पंधरा दिवस शाळेत गेली नाही. परवा भाकरी थापताना तिनं विचारलं की, आई, तू तेव्हा बोलली का नाहीस. मी म्हटलं, बोलले असते तर तुझी शाळा सुटली असती. त्यावर ती म्हणाली, सुटली असती तर सुटली असती, सरळ पायानं घरात तरी बसले असते. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

माझ्यावरचा लोभ उरला नसेल, तर तो पोरीवर असू द्यावा.

आपली
भागिरथी