खिडकीखालची लाखोरी

सालेकसा
२७ जानेवारी १९५६

प्रिय रुख्मा,

तुला आणि बाळाला आशीर्वाद. पत्र पोचलं. बाळ आता हुंकार देऊन राहिला हे वाचून बरं वाटलं. पण पुढच्या चार ओळींत तू मला चांगलंच धारेवर धरलं आहेस. मायचा निरोप पत्रात काऊन नसते, पहिलं बाळंतपण असून माहेरी काऊन नेलं नाही, माय रुसली काय. सगळ्याचं उत्तर देतो. पण मला सरळ सांगणं जमत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून आधी किड्यांचं सांगू दे.

आपल्या दक्षिणेकडच्या खोलीत तांबडे किडे झाले होते. मोहरीच्या दाण्याहून बारीक, आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे लांब. चावत नाहीत, धान्याला तोंड लावत नाहीत. पण ऊन चढलं की खिडकीच्या चौकटीवरून जे आत यायचे ते येतच राहायचे. पहिल्या दिवशी मी मोठा शहाणा, पंचा घेऊन रगडत सुटलो. किडा मरते, पण भिंतीवर तांबडा डाग ठेवून जाते. दिवाळीला पोतलेली पांढरी भिंत अशी झाली, की शेजारची नंदाबाई दारातूनच म्हणाली, भाऊजी, आत कोंबडं कापलं काय? मग राकेल पुसलं, निंबाच्या पाल्याचा धूर केला, चुना मारला, राख टाकली. दुसऱ्या दिवशी ऊन आलं की पाहुणे हजर. चाळीस वर्षं धानावरच्या किडीशी भांडलो, पण या एवढ्याशा खोलीत मी हात टेकले.

तू म्हणशील, कायले एवढा आटापिटा, खोली बंद करून टाकायची. बंद करता येत नव्हती, कारण त्या खोलीत तुझी माय आहे. कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी सकाळी अंगण झाडता झाडता ती पडली. लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. तुला तेव्हा आठवा महिना सरत आला होता. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि तुझं नाव घेऊन नाही नाही अशी मान हलवत राहिली. तुला कळू द्यायचं नव्हतं तिला. गावात तापाची साथ आहे, बाळंतपण तिकडंच करा, असं मी जावईबापूंना लिहिलं ते साफ खोटं होतं. इथं कोणाचं डोकंसुद्धा दुखत नव्हतं. माहेर तुला विसरलं नाही, पोरी.

तिला उन्हात ठेवा असं डॉक्टरनं सांगितलं, आणि घरात ऊन येते ते त्याच एका खोलीत. म्हणून तिची बाज खिडकीला लावून ठेवली. किडे चौकटीवरून उतरायचे ते थेट तिच्या उशीवर. मानेवर चढायचे, कानाजवळ फिरायचे. डावा हात उचलून ती झटकायला जायची, पण तो हात उजव्या खांद्यापर्यंत पोचत नव्हता. मग ती माझ्याकडं पाहायची. रगडले तर तिच्या लुगड्यावर डाग पडायचे, म्हणून मी ओलं फडकं घेऊन एकेक टिपत बसायचो. खळ्यावर धानाची चुरणी तशीच पडून आहे. बसल्या बसल्या रडू यायचं मला, खोटं कायले बोलू.

मागच्या आठवड्यात ग्रामसेवक ईश्वरदास आला होता. त्यानं बाहेरून खिडकीखाली पाहिलं आणि म्हणाला, दुधरामजी, किडे या हिरव्यात राहतात, भिंतीलगतची दोन हात जागा साफ मोकळी करा, कोरड्या मातीवरून ते येणार नाहीत. हिरवं म्हणजे तुझ्या मायनं पेरलेली लाखोरी, खिडकीच्या रुंदीची एक पट्टी. मी तिला सांगितलं तर ती नको नको करू लागली. बाजेची दोरी धरून बसली. मी चिडलो. आपल्या बांधीत धान कापल्यावर एवढी लाखोरी उभी आहे, या पट्टीचं काय घेऊन बसलीस, म्हटलं. आजारी माणूस हट्टी होते, अशी मी माझी समजूत घातली. रविवारी दुपारी तिचा डोळा लागला तेव्हा मुळासकट सगळी उपटली आणि बैलांपुढं टाकली. जमीन खणून कोरडी रेती पसरली. चार दिवसांत किडे गेले. भिंतसुद्धा पुन्हा पोतली.

रविवारी जागी झाल्यावर तिनं खिडकीतून पाहिलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. तेव्हापासून पेजेचा घोट घेत नाही. जे मला ठाऊक नव्हतं ते नंदाबाईला ठाऊक होतं. पडायच्या दोन दिवस आधी मायनं ती पट्टी पेरली होती, दोन्ही हात चालत होते तेव्हा. तू बाळंतपणाला येशील आणि बाळाला घेऊन सासरी परत जाशील, तेव्हा लाखोरीच्या कोवळ्या शेंड्यांची वाळवलेली भाजी तुझ्यासोबत बांधून द्यायची होती. तू आली नाहीस, तरी ती बाजेवरून बोट दाखवून नंदाबाईकडून शेंडे खुडवून घेत होती, शिवरात्रीच्या आत तुला जबलपूरला पाठवायला. काल मी बांधीतून टोपलंभर भाजी खुडून तिच्यासमोर ठेवली. तिनं पाहिलंसुद्धा नाही. किड्यांचं मी दहा जणांना विचारलं, पण नको काऊन म्हणतेस, हे तिला एकदाही विचारलं नाही. डॉक्टर म्हणते, पोटात काही गेलं नाही तर आठवडाही कठीण आहे. तार करायला स्टेशनवर गेलो होतो, पण हे सगळं तारेत कुठं मावते, म्हणून पत्र लिहून राहिलो. पत्र मिळाल्याबरोबर बाळाला घेऊन निघ. छोट्या गाडीनं गोंदियापर्यंत ये, मी फलाटावर उभा राहतो. मला जे बोलायचं ते तिथंच बोलून घे. मग घरी चल आणि तिला दोन घास भरव. माझ्या हातचं ती घेत नाही.

तुझाच,
बाबूजी