दोन्ही नळ्यांत गर्भ

डहाणू, १८ जानेवारी २०१७

आजचं ऑपरेशन आटोपून लिहायला बसलेय, आनंदात. पोट दुखतं म्हणून तलासरीहून आणलेल्या सुनंदाच्या सोनोग्राफीत गर्भाशयाऐवजी उजव्या गर्भनळीत गर्भ दिसला. दुखण्याचं कारण सापडलं की शोध थांबतो. मीही थांबणार होते. तेवढ्यात ती कण्हली, "बाई, डावीकडं पण दुखतं."

पुन्हा पाहिलं, तर डाव्या नळीतही गर्भ! आजवर हे फक्त पुस्तकात वाचलेलं. ती बोलली नसती तर?

उजवी नळी फुटली होती, काढावी लागली. डावी चिरून गर्भ काढला, नळी वाचवली.

सासू म्हणाली, "दोन्हीकडं? आमची सून अर्धं काम करीतच नाही!" आणि पदरात तोंड खुपसून रडली.

शुद्धीवर येताच सुनंदाने विचारलं, "बाई, पुढं मूल होईल?"

"आशा आहे. डावी नळी राखलीय."

"मग पेज कधी देणार?"