ठिपक्यांतला आकडा

४ मार्च
कारण सापडलं. टीबीची एक गोळी मला दुप्पट जात होती. नव्या मोठ्या गोळीत ती आधीच मिसळलेली असते, आणि सासूबाई जुन्या पाकिटातलीही सोबत देत होत्या. म्हणून डोळ्यांपुढे धुकं, आणि लाल-हिरवं सगळं मातकट.
ती गोळी बंद. बाकीच्या सुट्या करून दिल्या, त्या चालू. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्याच्या नसेला मार बसलाय. बहुतेक भरून येईल. पण दर महिन्याला यायचं, कंटाळा चालणार नाही."
"आणि माझी शाळेची बस? ती कधी चालवू?"
"रंग ओळखाल तेव्हा."

९ मार्च
सासूबाईंनी गोळ्यांचा डबा माझ्या उशाशी आणून ठेवला. "आता तुझं तू घे." आणि वळून आत गेल्या.
रागावलेय का मी? हो. इतकी वर्षं शाळेची बस चालवली, साधा ओरखडा नाही. आणि घरच्या माणसाला दोन पाकिटं नीट वाचता येऊ नयेत—
जाऊ दे.

२ एप्रिल
तपासणी. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक. प्रत्येक पानावर ठिपक्यांत आकडा लपलेला. पहिल्या पानावरचा दिसला. तो म्हणे सगळ्यांनाच दिसतो. पुढे नुसता चिखल.
हे म्हणाले, "एक तर दिसला ना!" वेडा माणूस. पण घरी येताना मीही तेच घोकत होते.

१९ एप्रिल
बसच्या मालकांचा फोन. बदली ड्रायव्हर शाळेच्या फाटकाला गाडी घासतो. "लवकर बऱ्या व्हा हो ताई, फाटक तरी वाचेल." उगाचच फार बरं वाटलं.

६ मे
दोन पानं जास्त! अंधुक, पण आकडेच.

२१ मे
बाजारातून येत होते. समोरून एक बाई छत्री घेऊन आली आणि मी जागच्या जागी थांबले. तिला विचारलं, "तुमची छत्री लालच आहे ना?"
"लालच. का हो?"
"काही नाही. छान आहे."
तिने मला वेड्यात काढलं. मी घरापर्यंत एकटीच हसत आले.

१० जून
जिंकले. सगळी पानं, एकदाही न अडखळता. डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम मागची पानं आधी काढली, तरी सांगितली. "जा, काढा तुमची बस."
आज सासूबाई हट्टाने सोबत आल्या होत्या, दाराशी अंग चोरून बसलेल्या. आनंदाच्या भरात पुस्तक त्यांच्यापुढे धरलं, पहिलंच पान. "बघा आई, असे आकडे असतात."
त्यांनी पान डोळ्यांशी नेलं. मग लांब धरलं. "कुठे गं?"
डॉक्टरीणबाईंनी मला उठवून त्यांना खुर्चीत बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला.
"आई, मग गोळ्या कशा देत होता?"
"चाचपून. जुनं पाकीट हाताला ओळखीचं होतं."
"सांगायचं नाही का?"
"तू अंथरुणाला खिळलेली. त्यात माझं कुठे रडगाणं लावू?"
माझा राग कुठे गेला कळलंच नाही. ऑपरेशनची तारीख तिथेच घेतली. त्या नको नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही.

१५ जून
बसवर पहिला दिवस. पोरांनी असा गलका केला की हॉर्न ऐकू येईना. चौकाचौकात दिमाखात थांबले, दिमाखात निघाले. फाटकाला धक्का नाही.

३ जुलै
सासूबाईंच्या एका डोळ्यावरची पट्टी निघाली. कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझं मनगट हातात घेऊन म्हणाल्या, "किती वाळलीस गं. मला कुणी सांगितलंच नाही."