तापल्या लोखंडाचा मुहूर्त

अक्का, तुला लिहायचं मी किती दिवस टाळतोय. दावणगेरेत पोस्टकार्ड घेतलं, त्यावर आमच्या लॉरीच्या ड्रायव्हरने विडी विझवली. हुबळीला शाई घेतली, ती सांडली. ह्या सबबी आहेत, तुला कळतंच. गेलेल्या आईला पत्र लिहून ते टाकायचं कुठे, म्हणून तू हसशीलही. पण आज घरात विचारावं असं कुणी नाही. दुपारी वैद्य येणार आहे, आणि मी दुकानावरच्या माळ्यात कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून हे लिहितोय.

तू गेलीस तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. आता बारा. दिवसभर खिडकीत बसून आपल्या चामराजपेटच्या रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवते, जीभ तुझ्यासारखीच. पण पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेत, टाचा जमिनीला लागत नाहीत. तुझ्या वेळी लागायच्या. स्वल्प का होईना, लागायच्या. मला तुझं स्वयंपाकघर दिसतं. तू एका हाताने मुद्देसाठी नाचणीच्या पिठाचा गोळा घोटतेयस, आणि धाकटी तांदळाच्या अर्ध्या पोत्यावर घोड्यावर बसावी तशी बसलीय, एक पाय इकडे, एक तिकडे, म्हणजे मांड्या जुळू नयेत. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी लोड सांगितला होता. आपल्याकडे लोड नव्हता, तू पोतं घेतलंस. मग तिला आडवी करून गुडघा सरळ, टाच तुझ्या मुठीत, पंजा हळूहळू वर. ती किंचाळायची. एकदा मला ते सोसलं नाही, मी तिला उचलून पार मार्केटपर्यंत पळालो. तू पदर खोचून मागे आलीस आणि भर रस्त्यात म्हणालीस, "उचलणारे पुष्कळ मिळतील रे तिला. उभी करणारा कोण आहे?"

आणि ते मोठे डॉक्टर. तुझ्याबरोबर मीच असायचो, शाळा बुडवायला निमित्त. ते म्हणाले, पाय चांगले आहेत, जन्मताना मेंदूला इजा झालीय, पायांना निरोप चुकीचा जातो. गोळी नाही, इंजेक्शन नाही. व्यायाम, लोखंडी पट्ट्यांचे बूट, आणि वाढली की कदाचित टाचेमागची शीर सैल करायचं ऑपरेशन, मग प्लास्टर, मग पुन्हा व्यायाम. तू विचारलंस, "मग बरी होईल?" ते म्हणाले, "बरी नाही होणार. पण जगणं सोपं होईल." बसमध्ये तू अख्खा रस्ता धाकटीच्या टाचा मुठीत धरून होतीस. उतरताना म्हणालीस, "सोपं तर सोपं."

तुझ्यामागे आत्याने घर सांभाळलं. तिचा धाकटीवर जीव आहे, त्यात खोट नाही. पण ओढलं की पोर रडते, म्हणून तिने ते ओढणंच बंद केलं. "आई नाही पोरीला, आणि वर हा छळ कशाला?" बूट लहान झाले, नवे कुणी केले नाहीत. कडेवर घेऊन घेऊन आत्याची कंबर वाकली, आणि धाकटीचे गुडघे.

आता अष्टग्रह आलेत. आठ ग्रह एका राशीत जमणार आणि जग बुडणार म्हणे. गल्लीगल्लीत होम चाललेत, धुराने डोळे चुरचुरतात. लॉऱ्या बंद, म्हणून तर मी घरी आलो. आमच्या ड्रायव्हरने आठवडाभर रोज बिर्याणी खाल्ली, पुढे मिळेल न मिळेल. परवा तो पोट धरून बसला होता, ग्रह येण्याआधीच. तर, मी कुठे निघालो! राज्याच्या सरहद्दीकडून एक वैद्य आलाय, छत्रात, त्या धर्मशाळेत, उतरलाय. पाय वळलेल्या पोरांना गुडघ्यांच्या मागे तापल्या लोखंडाचा डाग देतो. ग्रह जमायच्या आत डाग बसला तर वात निघून जातो, म्हणतो. नंतर तो हाडात कायमचा राहतो. इतक्या वर्षांत लोकांनी पोरं दाखवली नव्हती, ती आता भीतीने खांद्यावर घेऊन त्याच्याकडे धावताहेत.

काल मी अप्पांना म्हटलं, "परत इस्पितळात नेऊ या. ऑपरेशनचं विचारू."

अप्पा कापड मोजत होते. "डॉक्टर काय म्हणतो? ही चालायला लागेल म्हणतो?"

"तसं नाही म्हणत."

"वैद्य म्हणतो," अप्पा म्हणाले, आणि पुढचा गज मोजला.

आतून आत्या ओरडली, "अय्यो, लॉरी पुसणाऱ्याने आता डॉक्टरकी शिकवावी! तू एक कर. ती तुझं ऐकते. उद्या तूच तिला धर."

धाकटीने विचारलं, "दुखेल का रे, अण्णा?"

"स्वल्प," आत्याच म्हणाली.

"मग आधी आत्याला द्या," धाकटी म्हणाली आणि हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

आज सकाळपासून आत्या परसात कोळसे निवडतेय. ओढलं की रडते म्हणून जिने व्यायाम थांबवला, तीच. ओले बाजूला, कोरडे शेगडीत. निवडताना रडतेय, आणि निवडतेय.

एक सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. वैद्य "महिन्यात चालेल" म्हणाला ना, तेव्हा मलाही ते गोड लागलं. डॉक्टरने असं गोड कधी दिलं नाही. मागच्या दाराने तिला घेऊन निघावं असं मनात येतं, आणि पाठोपाठ येतं, खरंच चालली तर? म्हणून मी अजून इथे बसलोय, अक्का. भीती नुसती तिच्या दुखण्याची नाही.

थांब. खाली घोड्याचा जटका थांबला.

वैद्य नाही. एक बाई आहे, ओळखीची नाही, खांद्यावर सहासात वर्षांचं पोर. अप्पांना विचारतेय, "वैद्य इथं येणार आहेत काय हो? छत्रात नाहीत."

आत्या लगबगीने पुढे आली. "या या, बसा. तुमच्या पोरालाही दिला ना डाग? अरे अण्णा, खाली ये, गुण आलेली माणसं काय म्हणतात ते ऐक!"

बाई खाली वाकलीय. पोराला तिने दुकानाच्या पायरीवर ठेवलंय. ते रडतही नाही. ती त्याच्या गुडघ्यांवरचं फडकं सोडतेय आणि ते सुटत नाही, चिकटलंय. वास माळ्यापर्यंत आलाय. आत्याने तोंडाला पदर लावलाय. अप्पा उठून उभे राहिलेत, आणि आतल्या खोलीतून धाकटी हाका मारतेय, "कोण आलंय रे? मलाही बघू दे की!"

मी उतरतो.