शुक्रवारच्या ग्रेव्हीत सॉसेज

बायू लाफूर्श, लुईझियाना
शनिवार, १८ एप्रिल १९८७

लाडक्या टी-क्लो,

स्कॉटलंडहून पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. तिकडे एप्रिलातही दोन-दोन स्वेटर घालावे लागतात हे वाचून विल्टन म्हणाला, "मग तो आला की आधी त्याला दोरीवर वाळत घालू." माझा नवरा तुला ठाऊकच आहे, चेष्टा केल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. आम्ही सगळे मजेत आहोत. यंदा दलदलीत क्रॉफिश उदंड आहेत आणि चांगले अंगठ्याएवढे. तुझी तब्येत ठीक असेल. समुद्रातल्या त्या तेलविहिरीच्या फलाटावर तुम्हाला काय खायला घालतात ते मी विचारतच नाही.

आई बरी आहे. पाऊस यायचा असला की गुडघे धरतात, एवढंच.

महिनाअखेर आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करू का, असं तू विचारलंयस. आणि नेहमीसारखं शेवटी बारीक अक्षरात, "आई माझं नाव काढते का?" बाबांच्या माघारी त्यांची कोळंबीची बोट तू विकलीस त्या दिवशी ती म्हणाली होती, "माझ्या टेबलाशी पुन्हा बसू नकोस." तू ते अक्षरशः खरं केलंस आणि समुद्रापार निघून गेलास. त्याला चार वर्षं झाली. ती बोलवेना, तू येईनास. खाण तशी माती, दुसरं काय! मी मधल्या मध्ये दर पत्रात "अजून थोडा वेळ लागेल" असं लिहीत राहिले. या वेळी तसं लिहिणार नाही. पण आधी कालचं ऐक.

काल गुड फ्रायडे होता. तीन वाजताची प्रार्थना आटोपली की ऑक्टाव्हकाका, एलोदीकाकू, विल्टन, सगळे आईकडे यायचे होते. दिवसभराच्या उपासानंतरचं ते एकच जेवण: ताकातली, पावासारखी मऊ बिस्किटं आणि त्यांवर कोळंबी, खेकडा, क्रॉफिश घातलेली दाट ग्रेव्ही. एरवी याच ग्रेव्हीत धुरावलेलं सॉसेज पडतं. काल नाही पडायचं. शुक्रवारी मांस नाही, आणि या शुक्रवारी तर नाहीच. आपण बोलायला लागायच्या आधी हे शिकलो.

गुडघ्यांमुळे आई चर्चला गेली नाही. मीही तिच्याबरोबर घरी थांबले. बिस्किटं तिनं अशी केली की बघत राहावं. गार लोणी पिठात बोटांच्या टोकांनी चोळलं, ताक ओतलं, पिठाला हलकेच दोन-तीन घड्या घातल्या. मी मळायला हात पुढे केला तर हातावर चापटी बसली. "मळलीस की दगड होतात. इतकी वर्षं संसार केलास आणि एवढं कळत नाही?" मग पेल्याच्या काठानं कापून तिनं ती पत्र्यावर एकमेकांना खेटून मांडली. एकटं ठेवलं की बिस्कीट पसरतं, शेजार असला की वर चढतं, हे ती पुन्हा एकदा म्हणाली. मला वाटलं, मी उगीचच काळजी करते.

बघ, लिहायचं नव्हतं ते लिहिलं गेलं. आता राहू दे.

मग तिनं बिडाच्या भांड्यात तेल आणि पीठ घेतलं आणि लाकडी पळी धरून उभी राहिली. आपल्याकडचा नियम तुला आठवत असेल: तेल-पिठाचा रू परतायला घेतला की घराला आग लागली तरी आधी रू. पीठ तपकिरी होईपर्यंत पळी थांबवायची नाही. या हिवाळ्यात तिनं तो करपवला. एकदा नाही, बऱ्याचदा. मध्येच पळी ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहायची, आणि धूर झाला की मलाच म्हणायची, "आच तू मोठी केलीस." तुला कळवलं नाही. म्हणून काल मी तिच्या खांद्याशी उभी होते.

"पाठीवर बसू नकोस माझ्या," ती खेकसली. "जा, मागे बसून क्रॉफिश सोल."

मी मागच्या ओट्यावर टोपली घेऊन बसले आणि कान जाळीच्या दाराशी ठेवले. पळीचा खरखर आवाज येत होता. तो येतोय तोवर सगळं ठीक, असं मी मनाशी घोकत होते. मग कांदा आणि ढोबळी मिरची पडल्याचा चर्रर्र आवाज आला. रू साधला होता! मी हुश्श केलं. आणि तेवढ्यात वास आला.

करपल्याचा नव्हता. सॉसेजचा होता.

आत गेले तर चकत्या पार ग्रेव्हीत बुडल्या होत्या. आपल्याच डुकराचं, मिरी-लसणीचं, धुरावलेलं सॉसेज. वर कोळंबीही घालून झाली होती.

"आई, अगं आज वार कोणता?"

"मला वार शिकवणार तू? तिखट दे इकडे."

मी एक चकती पळीनं काढली, दुसरी काढली. पण चरबी सगळीकडे उतरली होती. एका पातेल्यातून पाप वेचून काढता येत नाही. बाहेर गाड्यांची दारं वाजली. मी फडकं घेतलं, भांडं उचललं आणि मागच्या दाराकडे निघाले. ओतून द्यायचं, सांडलं म्हणून सांगायचं, नुसती बिस्किटं लोण्याशी खायची.

"कुठे नेतेस ते?" आईनं विचारलं.

आवाज चढवला असता तर मी ओतलं असतं, क्लोव्हिस. ती घाबरून विचारत होती. आपली आई, जिनं वादळात, पाणी चढलं तर छप्पर फोडायला, हातात कुऱ्हाड घेऊन माळ्यावर बसून आपल्याला गोष्टी सांगितल्या, ती मला घाबरली होती. मी भांडं परत चुलीवर ठेवलं.

टेबलावर ताटं तिनं मांडली होती. मी मोजली नाहीत. काकांनी प्रार्थना म्हटली. काका तुला माहीत आहेत, उपासाच्या शुक्रवारी स्वतःच्या कुत्र्यालाही हाड घालत नाहीत. आईनं पहिलं बिस्कीट त्यांच्या ताटात फोडलं, वाफ आली, वर पळीभर ग्रेव्ही ओतली. मी चर्चमध्ये केली नसेल इतकी प्रार्थना त्या वेळी केली, की चकती वर येऊ नये. दोन आल्या.

"नोएमी!" आईला हाक मारत एलोदीकाकूंनी खुर्ची मागे सरकवली. "अगं बाई, हे सॉसेज! आज! गुड फ्रायडेला!"

आई पळी हातात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. काय चुकलंय ते तिला कळत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय हे कळलं होतं. तिच्या हातातली पळी कलली आणि ग्रेव्ही टेबलक्लॉथवर ठिबकली. मला उठून तिला धरायचं होतं. मी उठले नाही.

काकांचं लक्ष आईच्या शेजारच्या ताटाकडे गेलं. तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

"हे कोणाचं ताट, नोएमी?" त्यांनी हळू विचारलं.

"अहो, कोणाचं म्हणजे? क्लोव्हिसचं. येताना बोट दिसली नाही तुम्हाला धक्क्याला? रात्रभर जाळी ओढून येणार पोरगं, त्याला सॉसेजशिवाय घास उतरतो का? म्हणून टाकलं थोडं." मग काकूंकडे वळून म्हणाली, "देवाला सांगितलंय मी. तो काही बोलणार नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

बोट विकलीस तेव्हापासून काकांनीही तुझं नाव टाकलं होतं, हे तुला लिहायला नको. त्यांनी छातीवर क्रूस काढला, बिस्किटाचा तुकडा मोडला, त्यावर सॉसेजची चकती ठेवली आणि खाल्ली. सावकाश, चावून चावून.

"मीठ बरोबर पडलंय," ते म्हणाले.

"ऑक्टाव्ह, अहो!"

"मला दिसतंय ते, एलोदी. खा आता. गार होतंय."

काकूंनी रडत रडत खाल्लं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं. आईनं पळी सावरली आणि विल्टनला दुसरं बिस्कीट वाढलं. वर म्हणाली, "जावईबापू, लाजताय काय?" मला चव कशी होती ते सांगता येणार नाही, मी नुसती गिळत होते.

निघताना काकांनी मला गाडीपाशी थांबवलं. "कधीपासून चाललंय हे?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"आणि त्याला कळवलंस?"

"नाही."

"का?"

त्यांना मी म्हटलं, त्याला तिकडे उगाच घोर नको. ते खोटं होतं. तुला खरं सांगते. पहिली भीती ही की तू येशील, बोटीसारखं घरही विकायचं म्हणशील आणि तिला कुठल्यातरी आश्रमात ठेवशील. दुसरं कारण याहून कोतं आहे. रोज मी तिचे केस विंचरते, मी गॅस बंद करते, मी रात्रीचा दरवाजा बघते, आणि ती ताट मांडते तुझं. गेले कित्येक महिने मांडतेय. मी ते तिच्या नकळत उचलत आले. मला राग येत होता, क्लोव्हिस. तुझाही आणि तिचाही.

काका म्हणाले, "माझ्या पोटात गेलेल्या पापाचं मी फादरना सांगेन. पोराला तू सांग. उद्याच."

म्हणून हे पत्र.

काल तुझं ताट मला उचलू दिलं नाही तिनं. वर दुसरं ताट पालथं घालून ओव्हनमध्ये ठेवलं. आज सकाळी विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "वारा उलटा आहे." तर म्हणाली, "मग उद्या येईल. त्याला घाई करू नको म्हणावं." चार वर्षांत तुझ्याबद्दल ती इतकं मऊ बोलल्याचं मला आठवत नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, ती तुझं नाव काढते. दिवसभर काढते. माझं मात्र हल्ली चुकतं, परवा मला एलोदी म्हणाली. बोट विकल्याचं ती विसरली. तुला काय बोलली तेही विसरली. पुढे काय काय विसरेल आणि कोणत्या क्रमानं, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. करारावर सही करायची की नाही ते तू ठरव. पण दोन वर्षांनी त्या ताटाशी कोण बसायचं ते तिला कळेल, असं मी तुला लिहून देऊ शकत नाही.

आणि येणार असलास तर एक ऐक. तिची माफी मागू नकोस. तू वर्षानुवर्षं मनात जुळवून ठेवली असशील, मला माहीत आहे, पण ती आता तुला मिळायची नाही. ज्याची माफी मागशील ते तिच्यापाशी उरलेलंच नाही. तू रडायला लागलास तर ती घाबरेल. ती विचारेल, "कोळंबी मिळाली का?" तू म्हण, "मिळाली." मग हात धू, तिच्या शेजारी बस आणि वाढेल ते खा, वार कोणताही असो.

तुझं ताट आता न उचलणारी,
तुझी ताई,
अर्लीन